चौसष्टांमागे एक

आचल मारबतेने यंत्र बंद केलं, त्यावर फुंकर मारली आणि पुन्हा चालू केलं. सरकारी यंत्रांना हा उपाय निम्म्या वेळा तरी लागू पडतो. या यंत्राला पडला नाही. तिसऱ्यांदाही त्याने तेच सांगितलं: जाती एकशे बारा, स्थितिअंक एक्क्याऐंशी.

ती आंजनटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, बसली होती. मार्चचा दुसरा आठवडा, सोमवार, सकाळचे दहा. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४१ साली, तिने याच पाळीवर बसून हाच तलाव मोजला होता. तेव्हा जाती निघाल्या होत्या चौतीस आणि अंक अडतीस. तेव्हा काठाने बेशरमाची झुडपं माणूसभर उंच माजली होती आणि पाण्याला कुजकट वास मारत होता. आता समोर कमळाची पानं पसरली होती, पाण्याखालचं गवत तळापर्यंत दिसत होतं, आणि एक बगळा असा निवांत उभा होता की जणू तलाव त्याच्याच नावावर आहे.

तलाव सुधारला म्हटल्यावर कोणालाही आनंद व्हावा. आचललाही झाला असता, पण ती पडली सर्वेक्षक, आणि सर्वेक्षकाला आनंदाच्या आधी शंका येते. अडतिसाचा तलाव दोन वर्षांत एक्क्याऐंशीचा होत नाही. वीस वर्षांत झाला तरी पेढे वाटावेत. शिवाय जातींची यादी विचित्र होती. पूर्वेकडच्या डोंगराखालच्या तलावांतला मासा आणि चाळीस किलोमीटर उत्तरेला सापडणारं देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानभात, एकाच पाण्यात नांदत होतं. लग्नाच्या मांडवात गावोगावचे पाहुणे एका पंगतीला बसलेले असावेत तशी ती यादी होती. आचलने ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि तिला काही म्हणता काही उमगेना.

यंत्राला सगळे 'वाचक' म्हणत. त्याचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की ते फक्त निविदेतच वाचायला मिळे. त्याची करामत मात्र सरळ होती. पाण्यात जो जीव राहतो तो आपलं काही ना काही पाण्यात सांडत असतो. माशाचे खवले, बेडकाची बुळबुळ, बगळ्याची शीट, कमळाचे पराग. त्या प्रत्येक कणात त्या जीवाचा डीएनए असतो, म्हणजे त्याची ओळख सांगणारा आनुवंशिक धागा. पूर्वी पाणी गाळून तो गाळ शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागे आणि उत्तराची महिनाभर वाट पाहावी लागे. वाचक तेच काम पाळीवर अर्ध्या तासात करी. पाण्यात कोण कोण आहे याची यादी काढायची, ती जंगलात आत अजून धडधाकट असलेल्या तलावांच्या यादीशी ताडायची आणि शंभरपैकी गुण द्यायचे, एवढंच त्याचं काम.

पण यंत्र हुशार असून भागत नाही. त्या भागात लहान तलाव पाचशे शहात्तर. प्रत्येकातलं पाच ठिकाणचं पाणी घ्यायचं, आणि तेही मार्चच्या एकाच आठवड्यात, कारण उन्हाने आटलेल्या पाण्याची तुलना भरल्या पाण्याशी करता येत नाही. एवढी माणसं आणायची कुठून? म्हणून नमुना. रश्शाची चव कळायला अख्खं पातेलं प्यावं लागत नाही, चमचाभर पुरतो, फक्त आधी पातेलं नीट ढवळलेलं हवं. तलाव ढवळता येत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या ढवळायच्या. नागपूरच्या सर्वेक्षण केंद्राने नकाशाचे नऊ तुकडे पाडले होते, प्रत्येक तुकड्यात चौसष्ट तलाव. प्रत्येक तुकड्यातून संगणकाने डोळे मिटून एक तलाव उचलला. चांगला म्हणून नाही, वाईट म्हणून नाही, रस्त्यालगत आहे म्हणून तर नाहीच. आचलच्या तुकड्यातून आंजनटोला निघाला होता. आता त्याला मिळतील ते गुण चौसष्टांचे धरायचे होते.

ही रीत एकाच अटीवर चालते. कोणता तलाव निवडला गेला हे काठावरच्या माणसांना कळता कामा नये. म्हणून यादी गुप्त होती, आणि सर्वेक्षकांना नेमणुकीच्या दिवशी त्याची शपथ घ्यावी लागे.

शपथ आठवली तसं आचलला काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते तिच्या लक्षात यायच्या आत पाळीवरून दसोदाबाई आली. दसोदाबाई आंजनटोल्याच्या मच्छीमार संस्थेची अध्यक्ष. साठी ओलांडलेली, पण चालण्यात विशीची घाई.

"पाह्यलं का यंत्रात?" ती म्हणाली. "आला का चांगला नंबर?"

"आला न काकू. पन एवढा कसा आला थेच समजून नाही रायलं."

"त्यात समजाचं काय हाये? चाळीस गावच्या लोकायनं आनून टाकलं. मागच्या मृगाच्या आधी. कोनी कमळाचे कांदे आनले, कोनी मरळीच्या जोड्या, कोनी झिंगे. आमी बायायनं पंधरा दिवस बेशरम उपटला. हात सोलून निंगाले." दसोदाबाईने आचलकडे कौतुकाने पाहिलं. "तुज्या बाबानंच त सगळ्यायले उभं केलं, माय. तुले नाही सांगतलं का?"

नाही, बाबांनी सांगितलं नव्हतं. पण आचलनेच बाबांना सांगितलं होतं, हे मात्र आता तिला लख्ख आठवलं.

दोन वर्षांपूर्वी पहिली फेरी आटोपून ती कोसमटोल्याला घरी गेली होती. आई गेल्यापासून बाबा एकटेच असत. जेवताना त्यांनी विचारलं, तू नक्की काय करतेस ते एकदा नीट सांग. लेकीचं काम समजून घ्यावं असं बापाला वाटलं आणि लेकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने रस्सा सांगितला, चिठ्ठ्या सांगितल्या, आणि बोलण्याच्या भरात सांगितलं की आंजनटोल्याच्या एका तलावावरून आपल्या कोसमटोल्यासकट चौसष्ट तलावांचं ठरतं. बाबा बराच वेळ बोटाने ताटातला भात चिवडत बसले होते. त्या वेळी तिला वाटलं होतं, त्यांना काही कळलं नाही.

*

"तलाव यादीतून काढता येईल का, मॅडम?" तिने गाडीपाशी उभं राहून फोनवर विचारलं.

डॉ. वर्तक केंद्राच्या प्रमुख. या सर्वेक्षणाची आखणी त्यांनीच केली होती, आणि आखणीवर कोणी बोट ठेवलं की त्या पोटच्या पोरावर ठेवल्यासारख्या सावध होत.

"का काढायचा? आकडा चुकीचा आहे?"

"आकडा बरोबर आहे. तीनदा पाहिला."

"मग?"

आचलने सगळं सांगितलं. स्वतःच्या जेवणाच्या गप्पांसकट सांगितलं.

"तू काय केलंयस हे तुला कळतंय ना?" डॉ. वर्तक म्हणाल्या. "तुझं पुढे काय करायचं ते नंतर पाहू. आधी तलाव. बाकीच्या आठांचे आकडे माझ्याकडे आलेत, त्यांची सरासरी सत्तेचाळीस आहे. आंजनटोला पूर्वीसारखा अडतीसचा असता तर नऊंची सरासरी शेहेचाळीस झाली असती. एक्क्याऐंशी धरले तर होते पन्नास पूर्णांक आठ."

आचलला पुढचं सांगायची गरज नव्हती. पहिली फेरी नुसती सरावाची होती, कायदा नंतर आला. सरासरी पन्नासच्या खाली गेली तर सगळा भाग आजारी ठरणार, आणि एप्रिलमध्ये धरणाचं पाणी कालव्याने या पाचशे शहात्तर तलावांत सोडणार. पन्नास किंवा वर गेली तर भाग ठणठणीत, मग पाणी शहराकडे. सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला होता. एप्रिलमध्ये पाणी आलं नाही तर निम्मे तलाव मे महिन्यात भेगाळणार, हे सांगायला कुठलंच यंत्र नको होतं.

"मग काढा ना त्याला."

"कोणत्या कारणाने? आकडा आवडला नाही म्हणून? आज तू आवडला नाही म्हणून काढशील, उद्या दुसरं कोणी काढेल, मग नमुना कशाला म्हणायचा? नियमात प्रश्न एकच आहे. नमुना-तलावाची स्थिती स्वाभाविक आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेच मलाही कळेनासं झालंय," डॉ. वर्तक म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "तीनशे वर्षांपूर्वी माणसांनीच पाळ घालून अडवलेलं पाणी ते. माणसांनी बिघडवलं ते आपण स्वाभाविक धरलं. माणसांनी सुधारलं तर अस्वाभाविक कसं म्हणायचं? लोक आपापले तलाव असे सुधारतील तर मला हवंच आहे."

"पण आपापले नाही सुधारले, मॅडम. एकच सुधारला."

"हो. तिथेच तर सगळं अडतंय." कागद चाळल्याचा आवाज आला. "हस्तक्षेपाचं एक कलम आहे. नुसतं तुझं म्हणणं चालणार नाही. कोणी, कुठल्या तलावातून, काय आणलं याची अंगठ्यानिशी नोंद लागेल. त्या तुकड्यातल्या किमान निम्म्या तलावांची, म्हणजे बत्तीस. तेवढी झाली तर आंजनटोला बाजूला ठेवता येईल. शुक्रवारी संध्याकाळी पाचला आकडे गोठतील. आणि आचल, जे अंगठा देतील त्यांच्या गावाला, उपसलेला तलाव पुन्हा भरावा म्हणून, दोन वर्षं जाळं टाकता येणार नाही. हे त्यांना आधी सांग. मग अंगठा घे."

*

कोसमटोल्याचा तलाव वळणावर दिसतो. आचल त्या वळणावर नेहमी गाडीचा वेग कमी करी, या वेळी गाडी आपोआपच थांबली. पाणी पाळीपासून शंभर पावलं आत सरकलं होतं आणि काठाला बेशरमाच्या जांभळ्या फुलांची दाट किनार होती. गेल्या दिवाळीला ती आली होती तेव्हाही हे असंच असणार. तिने तेव्हा पाहिलं होतं, आणि तरी पाहिलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे तलाव मोजणाऱ्या माणसाचं असं होतं.

पतिराम मारबते ओट्यावर जाळं सांधत बसले होते. लेकीला पाहून त्यांनी सुई जाळ्यात खोचली.

"पास झाला न?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"तुमाले कोन सांगतलं मी आज मोजलं म्हनून?"

"दसोदानं फोन केला. किती आले?"

"एक्क्याऐंशी."

पतिरामांनी डोळे मिटून घेतले. सहासष्ट वर्षांच्या त्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. गावात ग्रामस्वच्छतेची समिती येणार म्हटलं की रात्रीतून भिंती रंगवायच्या, शौचालयांना कुलपं लावून ती कोरी ठेवायची, शाळेत शेजारच्या गावची चार हुशार पोरं आणून बसवायची, हे पाहत आणि करत त्यांचं आयुष्य गेलं होतं. तीनदा बक्षीस आणलं होतं त्यांनी गावाला. तपासायला कोणी आलं तर आपलं चांगलं ते पुढे करायचं, यात लबाडी असते असं त्या पंचक्रोशीत कोणाला वाटत नसे. उलट न करणारा माणूस आळशी ठरे.

"तूच त बोलली होती," ते म्हणाले, "त्या एका तलावावर सगळ्यायचं ठरते. मंग मी गावोगाव फिरलो. म्हटलं, जिल्ह्याच्या कबड्डी टीममंधी आपून आपल्या गावचा लंगडा गडी पाठवतो का? चांगला पाठवतो. सोनारटोल्यानं देवधान देलं. भुरीटोल्याच्या बायायनं पान्याचे गुंड भरून कमळाचे कांदे देले. चारशेक मानसं आलती त्या दिवशी पाळीवर, आचल. लगन वाटत होतं."

"बाबा, नापास झालो असतो त पानी भेटलं असतं."

त्यांना ते कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, पन्नासची रेघ ओट्यावर बोटाने ओढून. रेघेखाली गेलं तर कालवा सुटतो. आपण रेघेच्या वर गेलो.

"म्हंजे ज्याचं वाईट त्याले देते?"

"हो. ज्याले गरज हाये त्याले."

"असं कोनतं सरकार करते?" पतिराम म्हणाले. त्यांचा आवाज चिडका नव्हता, खराखुरा गोंधळलेला होता. "आतापर्यंत त कधी असं नाही झालं. चांगलं केलं त भेटे." मग त्यांना दुसरंच काही सुचलं. "यंत्र खोटं सांगून रायलं का?"

"नाही. यंत्र खरं सांगून रायलं."

"तलाव खरंच चांगला झाला?"

"खरंच झाला. मी एवढा चांगला तलाव या भागात पाह्यला नाही."

"मंग खोटं कोठं हाये?"

सकाळपासून आचल हाच प्रश्न स्वतःला विचारत होती. यंत्र खरं, पाणी खरं, मासा खरा, चिठ्ठी खरी, बेरीज खरी, भागाकारही खरा. सगळं खरं एका ओळीत मांडलं आणि उत्तर खोटं आलं. तिने समोरच्या तलावाकडे पाहिलं, बेशरमाकडे, मध्ये उरलेल्या चकचकत्या पाण्याकडे.

"तो आपल्यासारखा रायला नाही, बाबा," ती म्हणाली. "एवढंच खोटं हाये. तो चांगला हाये, पन आता तो आपल्यासारखा नाही. त्याच्याकडं पाहून आपलं कसं समजन?"

पतिराम उठून चपला शोधू लागले. "उद्याच जातो. ज्याचं त्याले परत न्यायले सांगतो."

"परत नेलं त निम्मं वाटेतच मरन. अना नऊ महिन्यात जे रुजलं थे आता उपटाचं कायले?" मग तिने त्यांना अंगठ्यांचं सांगितलं. बत्तीस तलाव, दोन वर्षं जाळं बंद, आणि शुक्रवार संध्याकाळ. जाळं बंद म्हणजे काय ते ओट्यावर पसरलेल्या जाळ्यापाशी बसून बापाला सांगताना तिला स्वतःची लाज वाटली, कारण तोंड तिचं सुटलं होतं आणि भोग गावांच्या वाट्याला आला होता. तसं ती बोललीही.

"तू मले सांगतलं," पतिराम म्हणाले. "मी चाळीस गावाले सांगतलं. कोनाचं तोंड मोठं झालं?"

*

बुधवारी सकाळी आंजनटोल्याच्या समाजमंदिरात आचलने टेबल मांडलं. टॅबवर चार रकाने होते. नाव. तलाव. काय आणलं. मागे काय उरलं. चौथा रकाना तिनेच वाढवला होता. देणाऱ्या तलावाचं काय झालं हे कळल्याशिवाय नोंद अर्धवट राहील, असं तिला वाटलं होतं.

पहिली कुरकूर दसोदाबाईचीच. "आमचा तलाव चांगला झाला हा आमचा गुन्हा का? बाजूले ठेवू म्हंते. धरणाचं पानी बाकीच्यायले, आमाले नाही?"

"तुमाले या वर्षी गरज नाही, काकू. तुमचा तलाव भरून हाये."

"हे भरभरून देलं कोनं?" असं पुटपुटत ती बाहेर गेली. तासाभराने परत आली तेव्हा तिच्या मागे भुरीटोल्याच्या पाच बाया होत्या. त्यांना ती स्वतः घेऊन आली होती. का ते तिने सांगितलं नाही, आणि आचलनेही विचारलं नाही.

पतिराम सायकलवरून गावं पालथी घालत होते. गेल्या वर्षी ज्या दारांत जाऊन 'चांगलं ते द्या' म्हटलं, त्याच दारांत आता 'दिलं म्हणून सांगायला या, आणि जाळं खुंटीला टांगा' म्हणायचं होतं. काही दारं तोंडावर बंद झाली. एका गावात म्हणे त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पण माणसं येत होती. दोन वर्षं जाळं बंद ठेवता येतं, तलाव आटला तर जाळं कशात टाकायचं, हा हिशेब सांगायला कोणा संख्याशास्त्रज्ञाची गरज पडली नाही.

"काय आणलं?" आचल विचारी.

"मरळीच्या दोन जोड्या."

"मागं काय उरलं?"

"मागं कुठली मरळ? दोनच होत्या जोड्या."

सोनारटोल्याची एक म्हातारी म्हणाली, "देवधान. पुरं टोपलं. अना मागं बेशरम हाये. थो कोनी मागतलाच नाही." सगळे हसले, आचलही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष चौथ्या रकान्याकडे गेलं. तो वरपासून खालपर्यंत जवळपास कोराच होता. प्रत्येकाने होतं नव्हतं ते चांगलं देऊन टाकलं होतं. पाळीवर बसून वाचकाने वाचलेली ती विचित्र यादी, तो डोंगराखालचा मासा, ते उत्तरेचं धान, ती तीसएक तलावांची अखेरची शिल्लक होती. केंद्राला दहा वर्षांत जे कळलं नसतं ते या चार रकान्यांत उतरत होतं, आणि जे कळत होतं ते भयंकर होतं. बाकीच्या त्रेसष्टांना अडतीस गुण धरणंही आता उदारपणाचं झालं असतं. आचलला रडू आलं. समोर पुढची बाई अंगठा पुसून उभी होती, म्हणून तिने ते आवरलं.

बुधवारी अकरा तलाव झाले. गुरुवारी बारा. शुक्रवारी दुपारपर्यंत आणखी सात. साडेतीनला एका रिक्षातून पिंपळटोल्याचे दोघं उतरले आणि एकतीस झाले.

चार वाजले. रस्त्यावर कोणी दिसेना. पतिराम समाजमंदिराच्या पायरीवर पाठ करून बसले होते. तीन दिवसांच्या उन्हाने त्यांची मान करपली होती. टेबलाभोवती आठदहा बाया, पिंपळटोल्याचे दोघं, आणि सगळ्यांची नजर हळूहळू एकाच पाठीवर येऊन थांबली.

"पतिरामदादा," दसोदाबाई म्हणाली, "कोसमटोला रायला न."

पतिरामांनी करपलेल्या मानेवरून हात फिरवला.

आचलला हे दोन दिवसांपूर्वीच दिसायला हवं होतं. सगळ्यांना आणून उभं करणाऱ्या माणसाने स्वतःचा अंगठा दिला नव्हता. तिला आधी वाटलं राहून गेलं असेल, मग वाटलं शेवटी देणार असतील. आता तिच्या मनात आलं की बाबा जाळ्याला भ्यायले, दुसऱ्यांची जाळी खुंटीला टांगून स्वतःचं वाचवत आहेत. हा विचार येताच तिला त्यांचा राग आला, आणि राग आल्याबद्दल वाईटही वाटलं. ती उठून पायरीवर गेली.

"बाबा, एक कमी हाये."

"माईत हाये."

"मंग?"

"माजं नाव चालत नाही."

"कायले नाही चालत? कोसमटोला याच तुकड्यात येते."

पतिरामांनी मान वळवली. आत बसलेल्या बायांकडे पाहिलं, भुरीटोल्याच्या, सोनारटोल्याच्या. त्यांनीच त्यांच्या दारांत जाऊन हात पसरले होते. या बाया त्यांना दादा म्हणत. त्या दिवशी पाळीवर सगळ्यात पुढे तेच उभे होते, डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड, गुंडाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. आधी कोसमटोल्याचा गुंड ओतू द्या, मग आमचे, असं या बायांनीच म्हटलं होतं.

"माज्या गुंडात काही नव्हतं," ते म्हणाले.

आचलला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"दोन दिवस डोंगा घेऊन फिरलो आपल्या तलावात. मरळ नाही, शिंगी नाही, कमळाचा कांदा नाही. काईच नाही भेटलं. सगळ्यायले बोलावून बसलो होतो. रिकामा गुंड कसा नेवाव? तोंडाले फडकं बांधलं अना नेला." त्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर पालथे घातले. "नुसतं पानी होतं."

आत सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि पतिरामांनाही ते ठाऊक होतं. भुरीटोल्याच्या एका बाईने पदर तोंडाला लावला. ती हसत नव्हती.

आचलने फोन काढला. नुसतं पाणी ओतणं हस्तक्षेप धरतात का, हे डॉ. वर्तकांना विचारायला हवं होतं. कलमात 'जीव किंवा वनस्पती' असं काही म्हटलंय का ते बघायला हवं होतं. आणि पाणी धरत नसतील तर या माणसाने चारचौघांत हे सांगितलं ते फुकट जाणार होतं. पाच दिवस ती प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारत आली होती, आणि प्रत्येक उत्तराने गोंधळ वाढतच गेला होता. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मग तिच्या मनात आलं की वाचकसुद्धा पाण्याखेरीज दुसरं काय घेतो? एका तलावाचं पाणी म्हणजे त्या तलावात जे जे आहे ते सगळं. कोसमटोल्यात जे होतं ते सगळं बाबांनी आणलं होतं. तिने फोन खिशात टाकला आणि टॅब घेऊन पायरीवर त्यांच्या शेजारी बसली.

"नाव पतिराम सोविंदा मारबते," ती लिहिता लिहिता म्हणाली. "तलाव कोसमटोला. काय आणलं?"

"सांगतलं न."

"तुमी सांगाव लागते. मी मनानं नाही लिहू शकत."

"पानी," पतिराम म्हणाले.

"मागं काय उरलं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लेक आपल्याला सगळ्यांसमोर हे विचारते आहे, आणि विचारल्यावाचून तिचं चालणार नाही, हे दोन्ही त्यांना एकदमच कळलं असावं.

"थेच," ते म्हणाले. "अना थेही आता आटून रायलं."

आचलने तसंच लिहिलं आणि टॅब त्यांच्यापुढे धरला. अंगठा नीट उमटावा म्हणून पतिरामांनी तो आधी अंगातल्या बंडीला दोनदा पुसला.